भुईवरची वीणा

‘भक्तीण साळू’ हा सिनेमा पुण्यात पडला, नगरला पडला आणि मग आगगाडीत बसून सेलूला माझ्या तंबूत आला. पडलेल्या सिनेमाला शेवटी तंबूच थारा देतो. एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. तुटलेल्या, जोडलेल्या, भर उन्हाच्या प्रसंगातही पाऊस पडतोय असं वाटावं इतक्या ओरखडलेल्या फिल्मा मी आयुष्यभर दाखवल्यात आणि लोकांनी त्या शिट्ट्या वाजवत बघितल्यात. पण हा सिनेमा पडून मला चालणार नव्हतं. का, ते आधी सांगतो, म्हणजे पुढं मी एवढा आरडाओरडा का केला ते कळेल.

साळूचं काम माझ्या चुलत बहिणीनं केलं होतं. मनकर्णानं.

मनकर्णाचे वडील म्हणजे लिंबाजी महाराज. जग त्यांना महाराज म्हणतं, मी तात्या म्हणतो. देवगाव फाट्यापासून कोसभर आत आमचं गाव. तात्यांची शेती बेताची, पण कीर्तनाला मोठा मान. आसपास कुठल्याही गावात सप्ता बसला की शेवटच्या दिवसाचं, काल्याचं कीर्तन तात्यांचंच. त्यांना मुलगा नाही. मनकर्णा लहानपणापासून त्यांच्या मागं बसून साथ धरायची, त्यामुळं तात्यांच्या सगळ्या चाली तिच्या गळ्यात जशाच्या तशा उतरल्या. पुढं लग्न झालं मानवतच्या भुजंगशी. तो पुण्यात एका सिनेमा कंपनीत होता. फिल्मच्या पेट्या गावोगाव पोचवायच्या, खेळ कसे चाललेत ते बघायचं, हे त्याचं काम. कंपनीच्या मालकाला संतपट काढायचा होता, पण नावाजलेली नटी परवडत नव्हती. एकदा त्यानं भुजंगच्या बिऱ्हाडी मनकर्णाचं भजन ऐकलं आणि तिलाच साळू केलं.

ही बातमी आमच्याकडं आली ती भर सप्त्यात. कुणीतरी तात्यांना सगळ्यांदेखत विचारलं, “महाराज, लेकीनं तोंडाला रंग लावला म्हनं?” तात्या तिथून निघाले. घरी आले, पागोटं काढलं आणि काकूला म्हणाले, “तिला कळवा, या घराकडं आता फिरकायचं न्हाई.” दोन दिवाळ्या गेल्या, पोर माहेरी आली नाही.

आणि आता तिला दिवस गेले होते. पहिलंच. भुजंग पेटी घेऊन सेलूच्या स्टेशनात उतरला तो हमालाच्या आधी माझ्याशी हेच बोलला. “बन्सीभाऊ, सहावा संपत आला. माझी आई नाही, पुण्यात एक खोली. तिला बाळंतपणाला माहेरी यायचंय. रोज विचारते, तात्या काय म्हणतात. मी काय सांगू?”

पहिलं बाळंतपण आईच्या हातचं असावं, हे कुठल्या पोरीला वाटत नाही? मी त्याच दिवशी गावी जाऊन काकूला गाठलं. धुरपदाकाकू चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी उलटली आणि हळूच म्हणाली, “त्येंचा राग लेकीवर न्हाई, बन्सी. ज्या लोकान्ला ते धर्म सांगायलेत, त्याच लोकान्नी तोंडावर इचारलं, त्याचा हाय. आता त्याच लोकान्नी तिला हात जोडले तर काय व्हईल ते सांगता येत न्हाई.”

झालं, मला रस्ता सापडला. साळू चालली की माहेरचं दार उघडलं. आणि चालवणं हे तर माझं कामच आहे!

त्या साली कापसाच्या हंगामात माझा तंबू सेलूला, जिनिंग कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रानात लागला होता. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं होऊन गेली होती, आम्ही मुंबई राज्यात आलो होतो, पण तंबूत अजून तलवारबाजीचे हिंदी सिनेमेच धावायचे. मी ते बाजूला ठेवले आणि साळू लावली. बोर्ड चंद्रभाननं रंगवला. चंद्रभान माझा मशीन चालवणारा. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, माझं मराठी अक्षर बघून गिऱ्हाईक परत जायचं.

सिनेमा गरीब होता, हे पहिल्या रिळातच दिसायचं. देवळाच्या खांबाला कुणाचा खांदा लागला की खांब हलायचा. गावचा पाटील आणि पुढं येणारा चोर हा एकच माणूस, फक्त मिशी बदललेली. नदीला पूर येतो तो घागरीनं ओतल्यासारखा. पण मनकर्णा गळ्यात वीणा घालून तोंड उघडायची आणि मग खांब हलला काय आणि पडला काय, कुणाचं तिकडं लक्ष नसायचं.

पहिल्या दिवशी तंबू भरून वाहिला. बायका तर लोटल्या. कुणी सांगितलं नसताना सगळ्यांनी वहाणा बाहेर काढल्या. एकीनं तिकिटाच्या खिडकीत नारळ ठेवला आणि कितीही सांगितलं तरी परत घेईना. माझी छाती फुगली. भुजंगच्या पाठीवर थाप मारून मी म्हणालो, “भुजंगराव, पुण्याची खोली आवरायला सांगा तिला!”

माझी एक रीत आहे. शेवटचं रीळ सुरू झालं की मी बाहेर इंजिनापाशी जाऊन बसतो. खेळ संपताक्षणी दिवे लागले पाहिजेत आणि आमचं इंजिन नेमकं तेव्हाच रुसतं. त्यामुळं इतके सिनेमे दाखवूनही मला एकाचाही शेवट धड माहीत नाही. त्या दिवशीही मी इंजिनापाशीच होतो. दिवे लागले, मी आत आलो, तर एकही माणूस उठलेला नव्हता. पडदा पांढरा झाला होता आणि सगळे त्याच्याकडं तोंड करून गप्प बसले होते. मला वाटलं, भारावलेत. चांगली गोष्ट आहे, म्हणून मी थोडा वेळ जाऊ दिला. पण ते बसले ते बसलेच. बाहेर दुसऱ्या खेळाचे लोक कनात हलवायला लागले. शेवटी मी ओरडलो, “संपलं, बाया हो! उठा आता!”

बायका एकमेकींकडं बघत उठल्या, वहाणा घातल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी तंबू अर्धा रिकामा. तिसऱ्या दिवशी पुरुषांच्या बाजूला झोपायला आलेले हमाल. चौथ्या दिवशी जनान्यात एक म्हातारी आणि तिची शेळी, आणि शेळीसुद्धा अर्ध्यातून उठून गेली.

मी बैलगाडीवर भोंगा बांधून सेलूभर फिरवला. बोर्ड मोठा केला. तिकीट कमी केलं. लोकांना रस्त्यात धरून विचारलं, “कसा वाटला सिनेमा?” सगळे म्हणायचे, “लय चांगला हाय की.” “मग या की पुन्यांदा!” “येऊ की.” आणि कुणी यायचं नाही. तिकडून पुण्याच्या मालकाचा निरोप आला की, सेलूला बाजाराच्या दिवसापर्यंत बघा, नाही चालला तर पेटी परत पाठवा, गोदामात टाकू. एकदा का पेटी गोदामात गेली की मनकर्णाचं नाव कायमचं ‘तोंडाला रंग लावला आणि तोही वाया गेला’ असं होणार होतं. तिला मग कुणी हात जोडणार नव्हतं आणि तात्या दार उघडणार नव्हते.

मी भुजंगवर घसरलो. “कसला सिनेमा काढला तुमच्या लोकांनी! खांब हलायलाय, पाटलाची मिशी निघायलीय!”

भुजंग शांतपणे म्हणाला, “खांब पहिल्या दिवशीही हलतच होता, बन्सीभाऊ. त्या दिवशी तर बायका डोळे पुसत होत्या.”

खरं होतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

शेवटी मला गोजरबाई सापडली. गोजरबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायला यायची. तोंडाची फटकळ, पण जनान्यात तिच्या शब्दाला वजन. पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढं बसून रडली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारच्या सुट्टीत ती भाकरी सोडून बसली होती, मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

“गोजरबाई, पहिल्या दिवशी येवढी रडलीस, आता कामून येईनास? आन् बाकीच्या बायान्ला काय झालंय? मी काय वाकडं केलंय तुमचं?”

“तू लिंबाजी महाराजाचा पुतन्या ना रं?”

“व्हय.”

“मंग तुला हे मी सांगू व्हय?” ती एकदम उसळली. “साळूबाईनं गळ्यातली वीना काढली, भुईवर ठिवली आन् देवळात गेली. घ्यायला कुनी न्हाई! काला न्हाई, आरती न्हाई, काई न्हाई. आमी बसलो, म्हनलं आता कुनीतरी येईल, वीना उचलंल, काला करंल. तर तू आलास वरडत, उठा म्हनून. आसं कीर्तन उठवतेत का कुठं? मला त्या दिवशी भाकर गोड लागली न्हाई. पुन्यांदा तेच बगाया येऊ का?”

“वीना भुईवर ठिवली?”

“तुज्याच तंबूत ठिवली की! तू कुठं व्हतास?”

“इंजिनापाशी,” मी म्हणालो.

गोजरबाईनं माझ्याकडं असं बघितलं की मला तिथून निघावंच लागलं.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सप्ता बसला की वीणा खाली ठेवत नाहीत. रात्र असो, दिवस असो, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो, मग देणारा वयानं कितीही लहान असो. तिथं बाप-लेक, थोर-धाकटा काही बघत नाहीत. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, हंडी फुटते, दही-लाह्यांचा प्रसाद वाटला जातो आणि मग वीणा उतरते. तोवर सप्ता संपला असं कुणी म्हणत नाही. आमच्या बायकांनी तिकीट काढून सिनेमा बघितलाच नव्हता, त्या कीर्तनाला बसल्या होत्या. आणि मी त्यांना काल्याविना हाकलून दिलं होतं.

भुजंगला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. “ती सांगत होती तेव्हाच, वीणा खाली ठेवत नसतात म्हणून. डायरेक्टर म्हणाले, पडद्यावर छान दिसतं. मग ठेवली तिनं. पण ठेवायच्या आधी तिनं समोर बघितलं. डायरेक्टरला ते नको होतं. पुन्हा घ्यायला फिल्म शिल्लक नव्हती, म्हणून तसंच राहिलं.”

त्या संध्याकाळी मी इंजिन दुसऱ्याच्या हवाली केलं आणि जन्मात पहिल्यांदा सिनेमाचा शेवट बघितला. मनकर्णा देवळाच्या पायरीपाशी येते. वीणा गळ्यातून काढते, दोन्ही हातांत धरते आणि मान वर करून सरळ आपल्याकडं बघते. थोडाच वेळ, पण बघते. कुणी घेतंय का, म्हणून. मग कुणी येत नाही असं बघून हळूच खाली ठेवते. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गावी गेलो. तात्या गोठ्यात बैलांना कडबा टाकत होते.

“तात्या, उद्या सेलूचा बाजार. खेळ संपला की तंबूत काला करायचाय. हंडीचं, दही-लाह्यांचं मी बगतो. कीर्तनाला तुमी पाहिजेत.”

“तंबूत?”

“तंबूत.”

“पडद्यापुढं मी उभा ऱ्हानार न्हाई.”

मी वीणेचं सांगितलं, बायकांचं सांगितलं. ते कडबा टाकत राहिले. मग माझं डोकं फिरलं. “रोज संध्याकाळी तुमची लेक देवळाच्या दारात वीना घेऊन उभी ऱ्हायलीय, तात्या! आन् घ्यायला कुनी जाईना! दुसरा महाराज आनू का मग?”

“आन की,” तात्या म्हणाले.

मी तणतणत निघालो. दारात काकू आडवी आली. तिनं सिनेमाचं काहीच विचारलं नाही. पदर तोंडाशी धरून म्हणाली, “ती त्याच्यात कशी दिसायलीय रं? वाळली तर न्हाई ना?”

“खांब हलतेत काकू, पन पोरगी ठनठनीत हाय,” मी म्हणालो. काकू हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू?

गाडीवर चढताना मागून तात्यांचा आवाज आला. ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडं पाठ करूनच उभे होते. “चाल कुनाची धरलीय तिनं?”

“तुमचीच.”

ते पुन्हा कडबा टाकायला लागले. मी गाडी हाकली.

बाजाराच्या दिवशी मी भोंग्यावरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. “आज खेळानंतर काला! दह्या-लाह्याचा परसाद! वहाना सांभाळून ठिवा!” महाराज कोण, हे मात्र सांगितलं नाही, कारण महाराज नव्हतेच. दुसऱ्या कुणाला विचारायला मी गेलो नव्हतो. लिंबाजी महाराजांच्या मुलखात, त्यांच्याच लेकीच्या सिनेमापुढं काला करायला कोण उभं राहिलं असतं? वेळ आली तर मीच काहीतरी म्हणेन, हंडी फोडेन, असं ठरवलं होतं. माझा आवाज भोंग्यालाही लाज आणणारा आहे, पण दुसरा इलाज नव्हता.

तंबू इतका भरला की कनाती वर कराव्या लागल्या. बाजारातल्या पिशव्या मांडीवर घेऊन लोक बसले. गोजरबाई पुढं होतीच. पडद्याच्या बाजूच्या खांबाला हंडी टांगलेली. सिनेमा सुरू झाला, साळू गायली, पूर आला, चोर आला, आणि शेवटी मनकर्णानं वीणा खाली ठेवली. दिवे लागले. कुणी उठलं नाही. सगळ्यांच्या नजरा हंडीवरून माझ्यावर आल्या.

मी पुढं झालो. उगाच हंडीची दोरी ओढून बघितली.

“महाराज कुठं हायेत?” गोजरबाईनं विचारलं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला, अगदी मागं, घोंगडं पांघरून बसलेला एक माणूस उठला. घोंगडं खाली पडलं. हातात वीणा होती. तात्या! माणसं आपोआप सरकून वाट द्यायला लागली. ते सावकाश पुढं आले. ते पहिल्या रिळापासून तिथं बसून होते, हे मला नंतर कळलं. काकूसुद्धा जनान्यात होती.

मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. ते शेवटचं पुन्यांदा दाव.”

चंद्रभाननं रीळ काढलं, हातानं उलटं गुंडाळलं, पुन्हा चढवलं. एवढा वेळ लागला तरी एक माणूस जागचा हलला नाही. तात्यांनी आपली वीणा पडद्याच्या खालच्या कडेशी, जमिनीवर ठेवली. बायकांच्यातून हाय-हाय असा आवाज उठला. लिंबाजी महाराजांनी वीणा भुईवर ठेवलेली कुणी आजवर पाहिली नव्हती. पण तात्या तसेच तिच्यासमोर उभे राहिले. दिवे गेले.

मनकर्णा पायरीपाशी आली. तात्यांची सावली पडद्यावर पडली होती. एरवी पडद्यावर बोट दिसलं तरी ‘खाली बस’ म्हणून तंबू डोक्यावर घेतात. त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. तिनं गळ्यातून वीणा काढली, दोन्ही हातांत धरली आणि मान वर करून बघितलं. या वेळी समोर तात्या होते.

तिनं वीणा खाली ठेवली आणि तात्या वाकले. गुडघ्यावर आले आणि पडद्याच्या कापडावर, तिची पावलं होती तिथं, डोकं टेकलं. कापड हललं आणि देऊळही हललं. मग त्यांनी जमिनीवरची वीणा उचलली आणि गळ्यात घातली. ‘समाप्त’ ही अक्षरं त्यांच्या धोतरावर आणि पाठीवर उमटली आणि गेली.

दिवे लागल्यावर ते लोकांकडं वळले. “वीना भुईवर ऱ्हायली तर दोष देनाऱ्याचा नसतो,” ते म्हणाले. “घेनारा आला न्हाई, त्याचा असतो. मी उशिरा आलो.”

एवढंच बोलले, आणि काल्याचं कीर्तन सुरू केलं.

मी रडलो. चांगला मोठ्यानं रडलो. ज्या लोकांवर रोज ओरडतो त्यांच्यासमोर रडलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. गोजरबाईनं उठून पांढऱ्या पडद्याला हात जोडले, तिच्यामागं दुसरीनं, मग सगळ्या जनान्यानं. ज्यानं तात्यांना भर सप्त्यात विचारलं होतं तोही पुरुषांच्या बाजूला टोपी काढून बसला होता. हंडी फुटली. दही-लाह्या कमी पडल्या, तेव्हा लोकांनी बाजारातून आणलेले मुरमुरे पिशव्यांतून काढून त्यात घातले.

प्रसाद वाटता वाटता तात्या भुजंगपाशी आले. त्याच्या हातावर काला ठेवला आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, “जावईबापू, पेटीपाशी बन्सी हाय. तुमी पुन्याला जा. सातवा लागला आसंल. आठव्यात गाडीत बसवू न्हाई, त्याच्या आत घेऊन या.”

म्हणजे महिने ते मोजत होते! मी काकूकडं बघितलं. तिनं नकाराची मान हलवली. तिनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चुलीपुढचं आमचं बोलणं त्यांनी भिंतीआडून ऐकलं असणार.

त्यानंतर साळू जी चालली ती चाललीच. पाथरीहून, जिंतूरहून बैलगाड्या भरून लोक यायला लागले. येलदरीला धरणाच्या कामावर असलेली माणसं सुट्टीच्या दिवशी यायची. खेळ संपला की काला, ही रीतच पडली. तात्यांनी पहिले काही दिवस केला, मग त्यांच्या तयारीतले तरुण कीर्तनकार पाळीनं करायला लागले. काहीजण आधीचा सिनेमा सोडून नुसते काल्याला यायचे, त्यांच्याशी माझी रोज हुज्जत व्हायची. पुण्याच्या मालकाला तर उलगडाच होईना. सगळीकडं पडलेला सिनेमा एका कोपऱ्यातल्या तंबूत महिनाभर कसा चालतो, म्हणून त्यानं एक माणूस बघायला पाठवला. तो खुर्चीवर बसला, सिनेमा बघितला, काला खाल्ला, पुन्हा मागून खाल्ला आणि म्हणाला, “हा काला आपण फिल्म घेऊन शेवटी जोडून टाकू.” मी म्हणालो, “साहेब, जोडलेला काला खाता येतो का?” त्यावर त्यानं तिसऱ्यांदा हात पुढं केला. पुढं ती पेटी आमच्या जिल्ह्यात तंबूतंबूनं फिरली, आणि जिथं गेली तिथल्या मालकाला मी आधी एकच सांगायचो की गावातला कीर्तनकार गाठ आणि मग बोर्ड लाव.

भुजंग मनकर्णाला घेऊन आला त्या दिवशी मी स्टेशनवर होतो. मनमाडकडून येणारी गाडी उशिरा होती. तात्या बैलगाडी घेऊन सकाळपासूनच येऊन बसलेले. गाडीत कडब्यावर दोन गोधड्या घातलेल्या, वर काकूची तिसरी. तात्या सारखे उठायचे, बैलांची जोतं बघायचे आणि परत बसायचे.

मनकर्णा डब्यातून उतरली. पोट चांगलंच दिसत होतं. काकूनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग ती तात्यांसमोर आली, पदर सावरला आणि वाकायला लागली.

तात्यांनी तिला खांद्याला धरून थांबवलं. “वाकू नको. अवघडलीस.”

“पन तात्या, पाया पडू द्या की.”

“पाया पडून झालंय,” तात्या म्हणाले. “मी पडलोय तुज्या.”

तिला काही कळेना. तिनं भुजंगकडं बघितलं. त्यानं तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, तात्यांनाच सांगू दे म्हणून. मग तिनं माझ्याकडं बघितलं. सेलूभर भोंग्यासारखा ओरडणारा मी तिचं सामान उचलायला वाकलो.

तात्यांनी तिला हाताला धरून गाडीत बसवलं. गोधडी नीट केली. मग बैलांचा कासरा हातात घेऊन, पुढं रस्त्याकडं बघत सांगितलं, “तू वीना घेऊन बघायलीस ना, कुनी घेतंय का म्हनून. मी घेतली.”

 दोन्ही हात पोटावर ठेवून मनकर्णा रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, “तवा बी मी तुमच्याकडंच बघायले व्हते, तात्या.”

तात्यांनी बैल हाकले. काकू म्हणाली, “हळू घ्या, धक्के बसतेत तिला.” आणि गाडी अगदी हळू, देवगाव फाट्याच्या रस्त्याला लागली.